सासूबाईंचं नाव न घेता ग्रामसभेत काय मागायचं?

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या, ग्रामपंचायतीच्या सदस्य. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत, शिफ्टची नोकरी. मुलगी शहरात कॉलेजला, दीर पुण्यात, नणंद निपाणीत दिलेली. ७७ वर्षांच्या सासूबाई तीन वर्षांपासून विसरत चालल्यात. आधी गॅस बंद करायला विसरायच्या, मग जेवण झाल्याचं विसरायला लागल्या, आता माणसं ओळखत नाहीत. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, तसलंच," असं ताई लिहितात. गेल्या सुगीत भात कापायला माणसं मिळेनात, तेव्हा चार दिवस सासूबाईंना आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं, हेही त्या लिहितात.

मूळ प्रश्न पंचायतीचा आहे. गावच्याच, पण मुंबईत राहणाऱ्या एका गृहस्थांनी वृद्धाश्रमासाठी दहा गुंठे जागा देऊ केलीय. अध्यक्ष खूश आहेत, ग्रामसभेत ठराव यायचाय. "मी हात वर केला तर नणंद म्हणणार, आईला टाकायची सोय केली. नाही केला तर घरात मीच मरणार. मला जे खरोखर पाहिजे ते मागायला गेले तर मिस्टर म्हणतात, घरचं गाऱ्हाणं चव्हाट्यावर कशाला? बोलू की गप्प बसू? की सदस्यपणच सोडू?"

ता. क. : "सासूबाई मला आता वहिनी म्हणतात. रोज संध्याकाळी विचारतात, दादा आला काय? दादा जाऊन वीस वर्षं झाली. खरं ते सांगितलं की रडतात. खोटं बोलू काय?"

ताई,

आधी कुलपाचं बोलू. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि पुढची दोन पानं पंचायतीवर लिहिलीयत. मला वाटतं, पंचायतीचं उत्तर त्या एका ओळीतच आहे.

कुलूप लावल्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. भात पिकलं, आभाळ भरून आलं, विळा धरायला माणूस नाही, अशा दिवसांत घरात बसून राहणं कुणालाच परवडत नाही. सुगीत अशी कुलपं लागलेली घरं तुमच्या गावात आणखीही असतील. कुणी सांगत नाही इतकंच. पण आत एकटं माणूस आणि बाहेर कुलूप हे धोक्याचंच. आग लागली, पाय घसरला, तर हाक ऐकणारंही कुणी नसतं. पुढच्या सुगीआधी काही सोय होईलच, खरं तोवर कधी वेळ आलीच, तर किल्ली शेजारच्या घरात द्या आणि दर तासाला कुणीतरी डोकावेल असं बघा. रेग्युलेटर काढून ठेवा, काडेपेटी उचला. आणि शेतकऱ्याच्या घरात हमखास विसरली जाते ती गोष्ट म्हणजे फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. पडवीतल्या फळीवर, तेलाच्या कॅनशेजारी ठेवलेल्या असतात. त्या कुलपात ठेवा.

आता "साठी बुद्धी नाठी". ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यामुळे दवाखानाच टळतो. तीन वर्षांत गावातल्या डॉक्टरांच्या 'ताकदीच्या गोळ्यां'पलीकडे काही झाल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. वय झालं म्हणून नातवंडाचं नाव पटकन न आठवणं वेगळं आणि पोटच्या मुलाला 'तू कोण?' विचारणं वेगळं. यातलं दुसरं हा आजार आहे, मेंदूचा आहे, आणि त्याला डिमेन्शिया म्हणतात. तो बरा करणारं औषध आज नाही. पण डिमेन्शियासारखं दिसणारं सगळंच डिमेन्शिया नसतं. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, मनाला उदासी धरली, डोक्याला मार लागून आत रक्त साचलं, तरी माणूस असंच वागतं. यातलं बरंचसं सुधारता येतं. कान गेले असतील तर माणूस ऐकू न आल्यामुळे उत्तर देत नाही आणि आपण म्हणतो विसरलं. म्हणून एकदा रीतसर तपासणी हवीच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर ठरावीक दिवशी येतात, तो दिवस आशाताईंना विचारा. नाहीतर बेळगावात बिम्सचा, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा, जिल्हा दवाखाना आहे, आणि पुढे लागलंच तर धारवाडचं डिमहान्स, मनोविकारांची सरकारी संस्था. कर्नाटकच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत तुमचं आणि सासूबाईंचं सरकारी बसचं तिकीट माफ आहे, मिस्टरांचं मात्र काढावं लागेल.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या. कधीपासून, काय काय, सगळ्या चालू गोळ्यांची नावं. आणि एक लक्षात ठेवा. दोन-चार दिवसांत अचानक बिघडलं, ग्लानी आली, भलतंसलतं दिसायला लागलं, तर 'आजार वाढला' म्हणून घरी थांबू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शौचाला घट्ट होणं, अंगातलं पाणी कमी होणं, यानेही तसं होतं आणि ते लवकर बरं करता येतं. 'रात्री झोपत नाहीत, झोपेची गोळी द्या' असं आपणहून मागू नका. अशा म्हाताऱ्या माणसांना त्या गोळ्यांनी पडायची भीती असते.

इथवरचं घरचं झालं. आता मिस्टरांच्या वाक्याकडे येते.

"घरचं गाऱ्हाणं." खरंच घरचंच आहे का, जरा हिशेब करून बघू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीच्या पुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. तुमच्या पंचायतीच्या हद्दीत सहा हजार वस्ती आहे असं तुम्ही लिहिलंय. शंभरात दहाजण साठीच्या पुढचे धरले तर सहाशे. त्यांच्यातले ७.४ टक्के म्हणजे चव्वेचाळीस. देशाचा आकडा एका पंचायतीला असा जसाच्या तसा लावता येत नाही, पाच-दहा इकडे-तिकडे होतील. खरं अगदी निम्मे धरले तरी बावीस घरं झाली. तुम्हाला त्यातली किती माहीत आहेत? पत्रात तुम्ही तीन मोजलीत. बाकीची कुलपाआड आहेत, किंवा 'म्हातारचळ लागलाय' म्हणून सोडून दिलेली आहेत.

आणि गंमत बघा, ही मोजणी तुमच्या गावात अर्धी झालेली असण्याची शक्यता आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात, सीबॅक म्हणतात त्याला. बीपी, शुगर, तंबाखू, सगळं विचारतात. त्याच फॉर्मवर साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्यातला एक असा, की जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? दुसरा, जेवण, आंघोळ, कपडे, शौचाला जाणं यासाठी कुणाची मदत लागते का? 'हो' वर खूण झाली तर त्या माणसाला पुढे तपासणीला पाठवायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? शुगरचा आकडा वर जातो, त्याची गोळी येते. विसरण्याच्या 'हो'चं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो 'हो' फॉर्मवरच राहतो. कधी तर आशाताई घाईत असते आणि सून दारातूनच सांगते, 'आमच्या आत्तीला काही नाही, जरा विसरतात.' पुढची खूण 'नाही'वर.

म्हणून ग्रामसभेत तुम्हाला सासूबाईंचं नाव काढायची गरजच नाही. सदस्य म्हणून साधा प्रश्न विचारा: या फॉर्मवर आपल्या हद्दीत या दोन प्रश्नांना किती 'हो' आलेत? नावं नकोत, वॉर्डवार आकडे द्या. नावं मागू नका हे मुद्दाम सांगते. कुणाच्या आईचं डोकं चालत नाही ही बातमी जमिनीवर डोळा ठेवून असणाऱ्यांनाही उपयोगी पडते. अंगठे कसे उठवतात ते तुम्ही मेंबर म्हणून माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

आता वृद्धाश्रम.

दात्याच्या मनाबद्दल शंका नाही. पण इमारत दिसते, तिच्यावर पाटी लागते, फीत कापता येते, म्हणून आपल्याकडे मदत म्हटलं की आधी इमारत सुचते. दोन प्रश्न विचारून बघा. पहिला, तिथे रात्री दोन वाजता उठून 'घरी जायचंय' म्हणून दाराला धडका देणाऱ्या आजीला ठेवून घेणार का? पुष्कळ वृद्धाश्रम स्वतः चालतं-फिरतं, आपलं आपण करणारं माणूसच घेतात. विसरणारं, फिरणारं, कपड्यात करणारं माणूस आलं की 'आमच्याकडे सोय नाही' म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. तशा माणसासाठी तीन पाळ्यांत, शिकवलेली माणसं लागतात. दुसरा प्रश्न, त्या माणसांचा पगार तिसऱ्या वर्षी कोण देणार? जागा एकदाच द्यायची असते, पगार दर महिन्याला.

शिवाय या आजारात ओळखीची जागा हाच मोठा आधार असतो. चूल कुठे, न्हाणी कुठे, हे पायांना माहीत असतं, डोक्याला नसलं तरी. जागा बदलली की तेही जातं. याचा अर्थ कुणीच कधी आईला बाहेर ठेवू नये असा नाही. सांभाळणारी बाईच आजारी आहे, घरात दुसरं माणूस नाही, मारहाणीपर्यंत गेलंय, अशा घरांना राहायची सोय लागतेच आणि त्यांना 'टाकलं' म्हणणाऱ्यांनी आधी आठ दिवस ते घर सांभाळून दाखवावं. पण तुमचं घर त्या टोकाला नाही. तुम्हाला काय हवंय? पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय: "सुगीत नुसतं कुणीतरी बसलं असतं तरी झालं असतं."

हेच मागा.

सुगीचे दोन महिने. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली, देवळाची ओवरी, जे असेल ते. दोन बायका, मानधनावर. आजी-आजोबांना घरच्यांनी आणून सोडायचं, डबा घरचा. तिथे त्यांनी करायचं काय? शेंगा फोडायच्या, वाल सोलायचे, वाती वळायच्या, भजन म्हणायचं. मोठं काही नको. हातांना सवयीचं काम मिळालं की ही माणसं तासन्‌तास शांत बसतात.

'असलं पंचायत कुठे करते होय?' असं कुणी म्हणालं तर कूसिन मनेचं नाव घ्या. रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या तीन वर्षांखालच्या पोरांसाठी राज्यात ग्रामपंचायतीच पाळणाघरं चालवतात, २०२३ पासून. मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून आई कामाला जाऊ शकत नाही, हे सरकारला पटलं. म्हातारी सांभाळायला कुणी नाही म्हणून सून जाऊ शकत नाही, हे पटायला फार अवघड जाऊ नये. दोन्हीकडे मजुरी बुडते ती त्याच बाईची.

पैशाचं म्हणाल तर पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दरवर्षी त्यातून काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. डिमेन्शियाचं माणूस त्यात बसतं का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत डिमेन्शिया असं नाव लिहिलेलं नाही. पण 'मानसिक आजार' आहे, आणि त्याच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती यांच्याबरोबर स्मृतीचा बिघाडही घेतलाय. अपंगत्व किती टक्के हे ठरवायची जी 'आयडियाज' मोजपट्टी आहे, ती तयार झाली तेव्हाच डिमेन्शिया तिच्यात धरलेला होता. म्हणजे दार बंद नाही, ढकलावं लागेल. ४० टक्के किंवा जास्तचं प्रमाणपत्र मिळालं तर दिव्यांगांच्या योजनांचं दार उघडतं, आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, होतं. अर्ज भरायला तुमच्या पंचायतीत गाव-पुनर्वसन कार्यकर्ता असेल, व्हीआरडब्ल्यू म्हणतात त्यांना. त्यांना धरा. 'हे तर मनाचे आजारवाले, अपंग कुठले' असं ते म्हणतील. पुन्हा सांगा.

दवाखान्याच्या खर्चाच्या योजनांनी हा प्रश्न सुटत नाही, हेही ग्रामसभेत सांगावं लागेल, कारण कुणीतरी उठून ते काढणारच. इकडे आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. तिकडून महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली आणि त्यावरून व्हायचं ते राजकारण झालं. दोन्ही योजना दवाखान्यात खाट धरली तर उपयोगी पडतात. तुमच्या सासूबाईंना खाट नकोय. त्यांच्याजवळ बसणाऱ्या बाईचा रुपया या दोन्ही योजनांत मोजलेला नाही. आणि हे मागणं काही अगोचर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली डिमेन्शियासाठी जो आराखडा केला, त्याच्या सात कलमांतलं एक कलम सांभाळणाऱ्यांना आधार देण्याचं आहे. आपल्या राज्यानेही २०२२ मध्ये निम्हान्सला, बेंगळुरूच्या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेला, बरोबर घेऊन मेंदू-आरोग्याचा कार्यक्रम काढला. तो बेंगळुरू-कोलारकडून सुरू झाला, आपल्या खेड्यापर्यंत यायला जे अंतर कापावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको. ग्रामसभेचा ठराव तालुक्याला गेला तर ते थोडं कमी होईल.

भाषेचं एक सांगायचंय, आणि ते आपल्या नेहमीच्या मराठी-कन्नड भांडणातलं नाही.

हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता, २०१३ साली तो छापून आला. ज्यांना दोन किंवा जास्त भाषा येत होत्या त्यांच्यात डिमेन्शिया साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि शाळा न शिकलेल्यांतही तो फरक होता. म्हणजे पाट्यांवरून आपण एकमेकांची डोकी फोडत असलो तरी बाजारात दोन्ही भाषा बोलल्याचा डोक्याला फायदाच आहे. पण आजार आला की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. लहानपणची राहते. तुमच्या सासूबाई चंदगडकडच्या, म्हणजे लहानपणची भाषा मराठी. लग्न होऊन इकडे आल्यावर त्या पन्नास वर्षं कन्नड बोलल्या असतील, पण डॉक्टरांनी कन्नडमधून तारीख विचारली तर गप्प बसतील. तो गप्पपणा कागदावर विसरणं म्हणून लिहिला जातो. अशा तपासण्या भारतीय भाषांत बेतायचं काम आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, केलं, तेव्हा पहिल्या पाच भाषांत कन्नड होती, मराठी नव्हती. म्हणून तपासणीला तुम्ही जवळ बसा आणि सांगा, की यांना तारीख नका विचारू, यल्लम्माची यात्रा झाली की व्हायचीय ते विचारा. अमावस्या होऊन किती दिवस झाले ते विचारा.

सुगीतल्या त्या खोलीत बसणाऱ्या दोन बायका निवडतानाही हेच. तुमच्या हद्दीत कन्नड घरंही आहेत, तिथल्या अज्जीलाही मराठीत दटावून चालणार नाही. एक बाई मराठी घरातली, एक कन्नड घरातली घ्या. संजीवनीच्या बचत गटांत अशा दहा मिळतील.

माझं एक सांगते, फार लांबवणार नाही. आमचे बाबा वडगावात मागावर होते, आयुष्यभर. शेवटची पाच वर्षं हा आजार. माग भंगारात जाऊन दहा वर्षं झाली होती, पण पहाटे चारला उठून कामाला निघायचे. सुरुवातीला आम्ही लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. एकदा दुपारी बारापर्यंत सापडले नाहीत. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका चहावाल्याने बसवून ठेवले होते, बिस्किटं देऊन. त्या दिवशी आई उठली आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानात, दूधवाल्याला, पेपरवाल्याला, मशिदीजवळच्या सायकलवाल्याला स्वतः जाऊन सांगून आली: हे असे आहेत, दिसले तर अडवू नका, 'चला, चहा घेऊ' म्हणा आणि फोन करा. सदऱ्याच्या आतल्या खिशावर धोब्याच्या शाईने नंबर लिहिला. पुढे ते सहा-सात वेळा गेले असतील, अर्ध्या तासाच्या वर एकदाही हरवले नाहीत. अंथरुणाला खिळल्यावरही उजवा हात चादरीवर इकडून तिकडे जायचा. धोटा फेकत होते.

एका बाईने एका दुपारी हे केलं, त्याला ना ठराव लागला ना निधी. तुमच्या पंचायतीत हे काम तुम्ही सदस्य म्हणून करू शकता: बस कंडक्टर, गिरणीवाला, रेशन दुकान, डेअरी, पोलीस चौकीतला बीटचा शिपाई, यांना एकदा एकत्र बसवून आशाताईंकडून दहा मिनिटं समजावून घ्यायचं. हरवलंच कुणी तर ११२ वर लगेच कळवायचं, संध्याकाळची वाट बघायची नाही.

ठरावाचा मसुदा देते, हवा तसा बदला: "हद्दीतल्या साठीपुढील विसरणाऱ्या व दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तींचे वॉर्डवार आकडे आरोग्य केंद्राकडून एका महिन्यात मागवावेत, त्यांची तपासणी तालुका दवाखान्याच्या मनोविकार विभागाकडून गावातच एक दिवस करून घ्यावी, येत्या सुगीत दोन महिने दिवसा सांभाळण्याची सोय पंचायतीने करावी व तिचा खर्च दिव्यांग निधीतून करता येईल का हे पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) पुढच्या सभेत सांगावे." ठराव कन्नडमध्ये लिहिला जाईल. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचायला लावा आणि मराठीत अर्थ सांगायला लावा, मगच सही करा. 'सांभाळणे'च्या जागी 'वृद्धाश्रम' कसं आलं, हे सहा महिन्यांनी शोधत बसायला नको.

दात्यांना विरोध करू नका. उलट जाऊन भेटा. दहा गुंठे राहू द्यात, दोन सुगींचं मानधन द्याल का, विचारा. नाही म्हणाले तर जागेवर एक शेड आणि कमोड असलेला संडास मागा. कमोड लहान गोष्ट वाटते. गुडघे गेलेल्या आजीसाठी सगळं त्याच्यावर अडतं.

नणंदबाई आणि दीर. तुम्ही पत्रात सगळीकडे 'माझ्या सासूबाई' लिहिलंय, 'त्यांची आई' एकदाही नाही. तिघं मुलं असलेल्या बाईची सेवा सुनेच्या एकटीच्या नशिबी कशी आली, यावर मी इथे निबंध लिहिणार नाही. पण नणंदबाईंना गाऱ्हाण्याचा फोन करू नका, सुगीत दहा दिवस राहायला बोलवा. माहेरपणाला म्हणून बोलवा. दहा दिवसांत त्यांचं मत आपोआप बदलतं, मी पाहिलंय. नाही आल्या तरी 'टाकलं' म्हणायचा त्यांचा आवाज जरा खाली येतो. दिरांना दरमहा रक्कम ठरवून मागा, 'जमेल तसं पाठव' असं नको. आणि सासूबाईंना अजून थोडं समजतंय तोवर बँक खातं, वारस, पेन्शन यांचं तिघा भावंडांच्या समोर काय ते करून घ्या. बुद्धी पूर्ण गेल्यावर कायदेशीर पालक नेमणं किचकट होतं. मतिमंदत्व, ऑटिझम वगैरेंसाठी नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात जी सोपी वाट आहे, ती डिमेन्शियाला लागू नाही, आणि मग हायकोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

सदस्यपण सोडायचं तर अजिबात मनात आणू नका. बावीस-चव्वेचाळीस घरांत कुलूप म्हणजे काय हे माहीत असलेलं त्या टेबलावरचं माणूस बहुधा तुम्हीच आहात. फार झालं, रात्री झोप लागत नाही, सासूबाईंवर हात उचलावासा वाटला, तर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. हात उचलावासा वाटणं हे थकल्याचं लक्षण आहे. तुम्ही वाईट आहात असा त्याचा अर्थ नाही.

आता ता. क.

दादा गेले हे सासूबाईंना रोज नव्याने कळतं. तुम्ही एकदा सांगितलंत असं तुम्हाला वाटतं, त्यांच्या लेखी रोज संध्याकाळी भाऊ पहिल्यांदा वारतो. रोजचं हे सुतक कशासाठी? सत्य-असत्याचा तराजू इथे बाजूला ठेवा. त्यांनी तुम्हाला वहिनी केलंय, म्हणजे त्या या वेळी चंदगडला माहेरी आहेत, बारा-पंधरा वर्षांच्या. दिवे लागायची वेळ, भाऊ रानातून यायचाय, एवढीच काळजी आहे. वहिनी काय म्हणाली असती? "येतोय, गुरं बांधून येतोय. तोवर एवढे तांदूळ निवडू लागा." असं म्हणा आणि सूप मांडीवर द्या. खोलीतला मोठा दिवा आधीच लावून ठेवा, तिन्हीसांजेच्या अंधुकात ही माणसं जास्त घाबरतात. तांदूळ निवडता निवडता दादांचं काहीतरी विचारा, रागीट होता काय, कुस्ती खेळायचा काय. त्या सांगतील. खडे राहिले तर राहू द्यात, नंतर तुम्ही एकदा पाखडून घ्या.